मधल्या गाडीतला निरोप्या

त्याला सगळे निरोप्या म्हणत. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं बाहेर पडायचं आणि पुन्हा आत जाऊन बसायचं. निरोप्या हे नाव ठेवलं पुढाऱ्याने. पुढारी म्हणजे ताफ्यातली पहिली गाडी चालवणारा. छोटंसं भाषण ठोकल्याशिवाय त्याचा हात गिअरवर जात नसे, आणि आपण पुढे नसलो तर मागची सगळी दुनिया दरीत जाईल अशी त्याची पक्की समजूत होती. त्यामुळे त्याचं स्वतःचं नाव कुणी ठेवलं, हे विचारायची वेळच कधी कुणावर आली नाही.

ताफा तीन गाड्यांचा. डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या होत्या. त्यांची देखभाल करणारे फिटर, त्यांची अवजारं, ग्रीसचे डबे, पिण्याचं पाणी, माथ्यावरच्या मुक्कामाच्या तळाचा किराणा, हे सगळं सकाळी वर न्यायचं आणि संध्याकाळी माणसं खाली आणायची, हे या तीन गाड्यांचं काम. डांबरी रस्ता पायथ्याशी, गोदामाच्या फाटकापाशीच संपायचा. पुढे होती ती वाट, आणि तिला वाट म्हणणं हा तिचा गौरवच. आधी मोठाले दगड, मग ओढा, मग घसरड्या मातीचा नागमोडी चढ. चारही चाकांना जोर असलेली गाडीच तिथे निभावायची, आणि तीसुद्धा पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळलं तरच.

ते कळायचं रेडिओवरून. मोबाइल फोन तर फाटकाबाहेर पडताच मान टाकायचे. प्रत्येक गाडीत स्टिअरिंगशेजारी एक म्हातारा रेडिओ बसवलेला होता आणि त्याला गुंडाळीच्या वायरीने लोंबणारा माइक. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. पुढारी पुढून सांगायचा, माती खचलीय, उजवीकडून घ्या. पण हा रेडिओ डोंगरापुढे हात टेकायचा. पुढारी डोंगराच्या सोंडेला वळसा घालून पलीकडे गेला की त्याचा आवाज खाली ओढ्यात असलेल्या शेवटच्या गाडीपर्यंत पोचायचाच नाही. मधली गाडी मात्र त्या वेळी नेमकी सोंडेच्या खांद्यावर असायची. तिला पुढचंही ऐकू यायचं आणि मागचंही. म्हणून मधल्याने पुढच्याचं मागच्याला सांगायचं आणि मागच्याचं पुढच्याला. मधली गाडी निरोप्याची होती.

याचे नियम पुढाऱ्याने घालून दिले होते. ऐकलं तसंच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही, ऐकलेलं काही गाळायचं नाही. सुरुवात 'पुढची म्हणते' किंवा 'मागची म्हणते' अशी करायची, म्हणजे कुणाचं बोलणं ते कळतं. निरोप्याने हे नियम इतके अंगी बाणवले की पुढारी खोकला तर तोही बहुतेक मागे कळवेल, असं फिटर म्हणायचे. एक सवलत मात्र तो गुपचूप घ्यायचा. पुढाऱ्याच्या तोंडी वाटेच्या सात पिढ्यांचा उद्धार असायचा, तेवढा तो वाटेतच ठेवून द्यायचा. 'पुढची म्हणते, इथे जरा हळू,' एवढंच मागे जायचं. त्याचं कारण असं, की मागच्या गाडीत वहिनी होती.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा गोदामामागची वर्कशॉप सांभाळायचा आणि शेवटची गाडीही चालवायचा. शेवटची गाडी नेहमी मेकॅनिककडेच असते, कारण पुढे जे काही मोडतं ते अखेर मागच्याच्या पदरात पडतं. वहिनी त्याच्याबरोबर वर्कशॉपमध्ये काम करायची. कोपरापर्यंत काळे हात, कानामागे पेन्सिल, आणि नट कुठल्या पान्याचा हे ती नुसत्या नजरेने सांगायची. दादा आजारपणात गेला. दिवस झाल्यावर एका सकाळी ती वर्कशॉपमध्ये आली, खिळ्यावरची मागच्या गाडीची किल्ली उचलली आणि जाऊन गाडीत बसली. पुढाऱ्याने यावर एक भाषण तयार केलं होतं. पण त्याच दिवशी त्याची गाडी गाळात रुतली, वहिनीने ती दोर लावून मागे ओढून काढली, आणि ते भाषण पोटातच राहिलं.

दादा असताना दुपारचा डबा तिघं एकत्र खायचे. दादा निरोप्याला धाकट्या भावासारखा वागवायचा, म्हणून वहिनी त्याला भाऊजी म्हणायची. दादा गेल्यावरही म्हणत राहिली. आता या शब्दाला कुणी काय करावं. त्यात माया होती, मान होता, आणि एक दारही होतं, बाहेरून कडी घातलेलं. निरोप्याला ती आवडायची. कधीपासून, हे त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं, कारण उत्तर दादाच्या हयातीतलं निघालं असतं तर त्याला तोंड लपवायला जागा उरली नसती. दादा गेल्यावर त्याने वर्कशॉपमध्ये डबा खाणं बंद केलं. लोक काय म्हणतील हे एक निमित्त. खरं म्हणजे समोर बसून घास तोंडात घालताना आपण तिच्याकडे कसे बघतो, याचा त्याला भरवसा नव्हता.

मग उरला रेडिओ. ओढ्यापासून माथ्यापर्यंत ती त्याच्याशी बोलायची. 'भाऊजी, पुढच्याला सांगा, पाणी वाढलंय, मी थांबून येते.' त्यात त्याचं म्हणून काय होतं? काहीच नाही. निरोप पुढाऱ्यासाठी, त्याने फक्त पुढे ढकलायचा. पण पुढे ढकलण्याआधी एक क्षण असा असायचा की तिचा आवाज त्याच्या गाडीत आलेला असायचा आणि अजून कुणाकडे गेलेला नसायचा. तेवढ्या क्षणावर तो माणूस जगत होता म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण रविवारी ताफा बंद असायचा, आणि रविवारी त्याला दाढी करावीशी वाटायची नाही, हे खरं आहे.

तो राहायचा थोरल्या बहिणीकडे. ताई शिवणकाम करायची. घरभर कापडाचे तुकडे आणि मशीनचा खडखडाट. तिचं तोंड मशीनपेक्षा वेगाने चालायचं. दिवसभर त्या डबड्यात तोंड घालून बडबडतोस आणि घरी आलास की तोंडात मिठाची गुळणी, असं ती रोज म्हणायची. मी बडबडत नाही, दुसऱ्यांचं सांगतो, असं त्याने एकदा तिला समजावून सांगितलं. ताईने मशीन थांबवली आणि म्हणाली, मग स्वतःचं कधी सांगणार आहेस, मी मेल्यावर? तो उठून पाणी प्यायला गेला. त्याचं लग्न का राहिलं, हे तिला ठाऊक होतं. आधी तिचं मोडलेलं घर, मग आईचं अंथरूण, आणि मग वय. पण आता का राहतंय, हेही तिला ठाऊक असावं, कारण वहिनीच्या ब्लाउजची शिलाई ती कधी घ्यायची नाही.

पावसाच्या दिवसांत ती गोष्ट घडली. सोंडेपलीकडे वाटेवर एक धोंडा येऊन पडला होता. तो एकट्या पुढाऱ्याच्या गाडीतल्या माणसांना हलेना, म्हणून त्याने मधल्या गाडीलाही बोलावलं. निरोप्या आणि त्याच्या गाडीतले फिटर उतरून चालत पुढे गेले. पहारी लावल्या, खांदे लावले, पुढाऱ्याने तोंड लावलं, आणि धोंडा अखेर हलला. या सगळ्या वेळात मधल्या गाडीत कुणी नव्हतं. आणि खाली ओढ्यात वहिनीच्या गाडीचं पुढचं चाक एका खळग्यात गेलं होतं.

चाक अडकलं आणि वरून पाणी वाढायला लागलं. तिने रेडिओवर हाक मारली. मधली गाडी ऐकेना, आणि मधली ऐकत नाही म्हणजे जगात दुसरं कुणी ऐकत नाही. त्या दिवशी तिच्या गाडीत नुसतं सामान होतं, दुसरं माणूस नव्हतं. ती हाका मारत राहिली. निरोप्या परत येऊन गाडीत बसला, हात पुसले, आणि त्याच्या कानावर तिचा आवाज आला. अगदी साधा, दळण टाकायला सांगावं तसा.

"भाऊजी, सवडीने या, पण या."

त्याने गाडी वळवून ओढा गाठला तेव्हा पाणी तिच्या गाडीच्या दारापर्यंत आलं होतं आणि ती टपावर बसली होती, माइकची वायर खिडकीतून वर ओढून. गाडी ओढून काढली. कुणी कुणाला बोल लावला नाही, लावण्यासारखं काही नव्हतंच. वहिनीने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि म्हणाली, चला, उशीर झालाय. पण माथ्यावर पोचेपर्यंत निरोप्या आरशात मागच्या गाडीकडे बघत राहिला. ती किती वेळ हाका मारत होती हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर मॅनेजरने ठरवलं की आता नवे रेडिओ घ्यायचे. मॅनेजर वयाने लहान, स्वभावाने बरा. तो म्हणाला, रेडिओ जन्मभर कुणी कानाला लावून बसलं असेल तर ते निरोप्याने, तेव्हा निवड त्यांनीच करावी, मी फक्त सही करतो. मग शहरातून एक रेडिओवाला आला. त्याने ऑफिसच्या टेबलावर खोकी उघडली. ऑफिस म्हणजे एक खोली, भिंतीवर डोंगराचा नकाशा, खिडकीत सुकलेलं झाड आणि सतत डुगडुगणारं टेबल. तिघे चालक, मॅनेजर आणि रेडिओवाला एवढ्याने ती भरून गेली.

रेडिओवाल्याकडे दोन पर्याय होते. पहिला, हातात मावणारे सुटे सेट. पाण्यात पडले तरी चालणारे, आवाज स्वच्छ, फिटरांना कमरेला लावून पवनचक्कीवरही चढता येईल. मॅनेजरला ते बघताक्षणी आवडले. फक्त डोंगर आडवा आला की तेही हात टेकणार होते. पण त्याचं काय एवढं, मॅनेजर म्हणाला, मधली गाडी सांगतेच की पुढे, आतापर्यंत चाललंच आहे. दुसरा पर्याय, गाडीत पक्के बसवायचे जोरकस सेट, टपावर उंच अँटेना, आणि शिवाय माथ्यावर एका खांबावर बसवायचा एक डबा. त्या डब्याला रेडिओवाला रिपीटर म्हणत होता. पुढाऱ्याने विचारलं, हा करतो काय. रेडिओवाल्याने अगदी मन लावून समजावलं, की हा उंचावर बसतो, एका बाजूचं ऐकतो आणि जसंच्या तसं दुसऱ्या बाजूला सांगतो, स्वतःचं काही बोलत नाही.

मग सगळे निरोप्याकडे बघून हसले. पुढारी तर टेबलावर हात आपटून हसला. म्हणाला, अहो, हा आमच्याकडे आहेच की, रोज दाढी करून येतो. निरोप्याही हसला. वहिनी हसली नाही, पण ती त्या वेळी खोक्यातला अँटेनाचा पाया उलटा करून त्याचे आटे बघत होती.

दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. आधी सुटे सेट. पुढारी सोंडेपलीकडे, निरोप्या खांद्यावर, वहिनी ओढ्याशी. निरोप्याने सेट कानाशी धरला आणि तिचा आवाज आला, "भाऊजी, ऐकू येतंय का?" जुन्या रेडिओत तिचा आवाज खरखरीतून वाट काढत यायचा. आज तो इतका जवळून आला की त्याने नकळत शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिने बोलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा त्याला ऐकू आला होता.

आता बघा, या माणसापुढे काय वाढून ठेवलं होतं. मॅनेजरला हेच सेट हवे होते. फिटरांना हेच हवे होते. पुढाऱ्याला कुठलेही चालणार होते, बोलायला मिळाल्याशी कारण. निरोप्याने फक्त मान हलवायची होती. तिचा आवाज पूर्वीपेक्षा जवळ आला असता, निरोप पूर्वीसारखेच त्याच्या हातून गेले असते, आणि त्याला कुणी अप्पलपोटा म्हटलं नसतं. आणि तो डबा खांबावर चढला, की पुढच्याचं मागच्याला थेट ऐकू जाणार आणि मागच्याचं पुढच्याला. मग मधल्याशी कुणी कशासाठी बोलायचं? डबा खायला बसणं त्याने आपण होऊन सोडलं होतं. घरी जाणंयेणं नव्हतं. रेडिओ गेला की तिच्याशी बोलायला त्याच्याजवळ एकही कारण शिल्लक राहत नव्हतं.

त्याने संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला. दुपारी वहिनी वर्कशॉपमध्ये गेल्यावर तो एक सुटा सेट घेऊन एकटाच ओढ्यात उतरला. पाणी आता घोट्याएवढंच होतं. जिथे तिचं चाक अडकलं होतं त्या खळग्याशी तो उभा राहिला. पुढारी सोंडेपलीकडे उरलेलं सामान उतरवत होता, त्याच्या कमरेला दुसरा सेट होता, आणि मध्ये आज कुणी नव्हतं. निरोप्याने बटण दाबून हाक मारली. बटण सोडून ऐकलं. काहीच आलं नाही. येणार नाही हे त्याला ठाऊक होतं, त्यासाठी इथवर यायची गरजही नव्हती. तरी त्याने परत हाक मारली. नवा सेट इतका स्वच्छ होता की त्यात खरखरसुद्धा नव्हती. पाणी दगडांवरून वाहत होतं तेवढाच आवाज. तो तिथे उभा राहून हाका मारत राहिला, आणि अशा किती वेळ हाका मारल्यावर माणूस हाक मारायचं सोडून देईल, हा विचार त्याच्या मनात आला. तिने सोडलं नव्हतं. आपण येऊ असं ती धरून चालली होती. त्याचे डोळे भरून आले, आणि तिथे बघणारं कुणी नव्हतं म्हणून त्याने ते पुसलेही नाहीत.

संध्याकाळी त्याने मॅनेजरला सांगितलं, सुटे नकोत, डबेवाले घ्या. मॅनेजरचा चेहरा उतरला. पण बोलल्याप्रमाणे त्याने सही केली. पुढारी त्याला बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणाला की अरे शहाण्या, आपल्याच हाताने आपली खुर्ची काढून घेतोस? निरोप्या म्हणाला, खुर्ची कुठली, गाडी आहे ना चालवायला. पुढाऱ्याकडे यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण निरोप्याचा चेहरा बघून त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन भाषण आवरतं घेतलं.

वर्कशॉपमध्ये वहिनी नव्या अँटेनासाठी टपाला भोकं पाडत होती. निरोप्या दारात थांबला. तिने ड्रिल बंद केलं.

"दुसरे सेट चांगले होते म्हणे."

"ओढ्यातून ऐकू जात नव्हतं," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कपाळावरचा घाम मनगटाने पुसून पुन्हा ड्रिल सुरू केलं. त्या आवाजात आणखी काही बोलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तो निघाला. घरी ताईने विचारलं, काय झालं तुमच्या रेडिओचं. त्याने सांगितलं, सगळं सांगितलं, कोणता सेट काय करतो ते. ताई शिवत होती, ती शिवतच राहिली. शेवटी दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, तुझ्यासारखा वेडा माणूस मी पाहिला नाही. मात्र त्या दिवशी ती दुसरं काही टोचून बोलली नाही, आणि त्याच्या ताटात तिने न विचारता जास्त वाढलं.

नवे रेडिओ बसले. डबा माथ्यावर खांबाला चढला. पहिल्या दिवशी ताफा फाटकातून निघाला तेव्हा पुढारी नव्या माइकवर असा काही बोलत होता की जणू उद्घाटनच आहे. दगड आले, ओढा आला, चढ सुरू झाला. सोंडेपलीकडून पुढारी म्हणाला, उजव्या बाजूला निसरडं आहे. निरोप्याचा अंगठा सवयीने बटणाकडे गेला आणि तेवढ्यात मागून वहिनी म्हणाली, कळलं. थेट. मध्ये काही नाही. त्याने अंगठा मागे घेतला. पुढाऱ्याने आणखी काहीतरी शिव्यांसकट सांगितलं आणि वहिनी हसली. या शिव्या तिच्यापर्यंत कधीच पोचल्या नव्हत्या. दोघांचं बोलणं त्याच्या गाडीतून आरपार जात होतं, आणि तो नुसता ऐकत चालवत होता. शेजारी बसलेला म्हातारा फिटर म्हणाला, आज तुम्हाला आराम आहे. निरोप्या हो म्हणाला. त्याला तोंडात कडू लागत होतं. हे आपण निवडलं, बरोबर निवडलं, आणि आता हे रोज असंच असणार, असं तो स्वतःला परत परत समजावत होता.

दिवसांमागून दिवस असेच गेले. ओढा ओलांडताना वहिनी सांगायची, पाणी अमुक आहे, आणि पुढारी म्हणायचा, कळलं. मधल्याला बोलायचं कारणच पडेना. एका सकाळी सोंडेचा चढ चढत असताना रेडिओत खूप वेळ कुणीच बोललं नाही. मग वहिनीचा आवाज आला.

"भाऊजी, आजकाल तुमचा आवाजच येत नाही."

निरोप्याने झटकन माइक उचलला, बटण दाबलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "मागची म्हणते, भाऊजी, आजकाल तुमचा आवाजच येत नाही."

बटण सोडलं. शेजारचा फिटर खिडकीबाहेर बघायला लागला. मग पुढाऱ्याचा आवाज आला, आणि तो चक्क हळू होता.

"निरोप्या, अरे, ते मला नाही. तुला आहे."

निरोप्याचे कान तापले. त्याच्या हातात माइक होता, आणि पुढे सांगायला कुणाचं काही नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या वाटेवर कामाशिवाय, खास त्याच्यासाठी निरोप आला होता आणि तो त्याने सवयीने दुसऱ्याला देऊन टाकला होता. गाडी खांद्यावरच्या वळणावर आली. तिथून खाली ओढ्याच्या बाजूने चढून येणारी मागची गाडी पूर्ण दिसायची, टपावरची नवी अँटेना हलताना. त्याने बटण दाबलं. तिन्ही गाड्यांतले फिटर ऐकतायत हे त्याला माहीत होतं.

"वहिनी, या वळणावरून तुमची गाडी दिसते," तो म्हणाला. "मी रोज बघतो."

उत्तर आलं नाही. आपण काय बोलून बसलो. दादा, लोक, ताई, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. त्याने घाईघाईने बटण दाबून माफी मागितली, चुकलं म्हणाला, मनावर घेऊ नका म्हणाला. बटण सोडलं तेव्हा रेडिओत एक चिरका आवाज विझत होता. पुढारी म्हणाला, दोघं एकदम बोलू नका रे, दोघांनी बटण दाबलं की कुणाचंच कळत नाही, नुसतं किंचाळतं. म्हणजे तो बोलत होता त्याच वेळी तीही बोलत होती. आणि तिने काय म्हटलं ते कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

त्याने अंगठा बटणापासून दूर ठेवला आणि वाट पाहिली. ती परत बोलली नाही. माथ्यापर्यंतची वाट त्याला कधी एवढी लांब वाटली नव्हती. पुढारी मध्येच एकदा म्हणाला, दगड आहे, सांभाळून. वहिनी म्हणाली, कळलं. बस, तेवढंच.

माथ्यावर वारा होता. पाती फिरत होती, फिटर सामान उतरवून पाठीवर घेऊन पांगत होते. पुढारी त्या दिवशी भाषण न करताच तळावरच्या खोलीत निघून गेला. निरोप्या आपल्या गाडीजवळ उभा राहिला आणि मागची गाडी येऊन थांबली. वहिनी उतरली. तिने बॉनेट उघडलं, तेल बघितलं, काडी पुसून परत घातली. तो जवळ गेला. रेडिओशिवाय, इतकं समोर, तो कितीतरी दिवसांत तिच्याशी बोलला नव्हता.

"मघाशी तुम्ही काय म्हणालात?" त्याने विचारलं. "ऐकू आलं नाही."

"तुम्ही काय म्हणत होतात?"

"माफी मागत होतो."

"मग ऐकू आलं नाही तेच बरं झालं," वहिनी म्हणाली. तिने बॉनेट खाली घेतलं आणि दोन्ही हात त्यावर टेकले. "मी म्हटलं, मला माहीत आहे. त्या वळणाखाली मी मुद्दाम गाडी हळू घेते. तुमचे दादा गेले तेव्हापासून."

ती हात पुसत तळावरच्या खोलीकडे गेली. निरोप्या वाऱ्यात तिथेच उभा राहिला. त्याच्या ओठांवर 'मागची म्हणते' हे शब्द येऊन थांबले होते, आणि हे कुणालाही पुढे सांगायचं नव्हतं.